बोली लावण्याआधी लेबल बघ

ईबेवर आयबीएमचा मॉडेल एम कीबोर्ड दिसला की लगेच बोली लावू नकोस. आधी विक्रेत्याकडे मागच्या लेबलचा स्पष्ट फोटो माग. पार्ट नंबर आणि बनवल्याची तारीख त्यावर असते. मग हलवून बघायला सांग. आत खुळखुळ वाजलं तर आतले थर एकत्र धरणारे प्लॅस्टिकचे रिव्हेट तुटलेत, म्हणजे उघडून बारीक नट-बोल्ट बसवणं आलंच. भाव चढणारच रे, 1980-90च्या दशकांतला माल आता कुठून वाढणार? त्यात वजन दोन किलोंच्या आसपास, भारतात मागवायचा तर टपालखर्च आणि कस्टम ड्युटी आधीच धर. कळांखालच्या त्या स्प्रिंगच्या खट्ट आवाजावर माझा जीव आहे, पण फक्त तोच हवा असेल तर युनिकॉम्प कंपनीचा नवा कीबोर्ड घे. स्प्रिंग त्याच जातीची आहे.