समेवर न येणारी किक

प्रश्न : माझ्या मॉड्युलर सिंथमध्ये (सुटी मॉड्युल केबलने जोडून केलेलं सिंथेसायझर) नुकताच क्लॉक डिव्हायडर, म्हणजे तालाच्या पल्स ठरावीक आकड्याने भागणारं मॉड्युल, बसवला. त्याला ÷२, ÷४, ÷८ पासून ÷६४ पर्यंत सहा आउटपुट आहेत. सुरुवातीला रीसेट (मोजणी शून्यावर आणणारा संकेत) देऊनही ÷८ वर लावलेली किक (बास ड्रम) पहिल्या मात्रेवर पडत नाही, अर्ध्यातच कुठेतरी वाजते. मॉड्युल सदोष आहे का? शिवाय सगळे आकडे दोनाच्या पटीतले, त्यामुळे ताल फार चौकोनी वाटतो. विषम भागाकाराचं दुसरं मॉड्युल घ्यावं का?

उत्तर : मॉड्युल परत पाठवू नका. मी पाठवलं होतं. तीन आठवड्यांनी ते ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून परत आलं, आणि त्या चिठ्ठीचा राग आल्यामुळेच मी शेवटी आत काय आहे ते नीट समजून घेतलं.

आत असतो एक साधा मोजणारा. अशा बऱ्याच मॉड्युलमध्ये ४०२४ सारखी बायनरी काउंटर चिप असते. रीसेट दिला की तिची सगळी आउटपुट शून्यावर येतात. मग ÷८ चं आउटपुट चार पल्स मोजून होईपर्यंत खालीच राहतं आणि पुढच्या चार पल्स वर. किकला कळते फक्त खालून वर जाणारी कड. ती येते चार पल्स मोजून झाल्यावर, म्हणजे आवर्तनाच्या बरोबर मध्यावर. ÷१६ असेल तर आठ पल्सनंतर. मोजणारा चुकत नाही, तुमची किक त्याच्या उत्तरार्धाला बांधलेली आहे.

उपाय सोपा आहे. ÷८ मधून निघालेली केबल इन्व्हर्टरमधून (वरचं खाली आणि खालचं वर करणाऱ्या मॉड्युलमधून) न्या आणि मग किकला द्या. आता वरची बाजू पहिल्या चार पल्सना मिळेल आणि किक दर आठ पल्सनंतर जागेवर पडेल. एक बारीक गोष्ट राहतेच : रीसेटच्या क्षणी उलटवलेलं आउटपुट आधीच वर असेल, तर कड तयार होत नाही आणि अगदी पहिली किक गळते. मी ती गळू देते. काही डिव्हायडरना पहिल्या पल्सवरच वाजायचं की शेवटच्या, हे ठरवणारा स्विच किंवा मागच्या बाजूला जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) असतो, तुमच्याकडे तो आहे का ते आधी बघा.

आता चौकोनीपणा. विषम भागाकाराच्या मॉड्युलआधी लॉजिक मॉड्युल घ्या, म्हणजे दोन संकेत वर आहेत की खाली यावरून तिसरा संकेत बनवणारं. डोपफर कंपनीच्या ए-१६६ मध्ये अँड, ऑर, एक्सॉर आणि वर सांगितलेला इन्व्हर्टर, सगळं एकाच पट्टीवर आहे. ÷२ आणि ÷८ ही दोन आउटपुट एक्सॉरमध्ये घाला. दोन्ही सारखी असतील तेव्हा एक्सॉर गप्प, वेगळी असतील तेव्हा वर. वहीत आठ चौकटी काढून शून्य-एक भरून पाहा, कडा येतात दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या चौकटीत. अंतरं झाली २-३-३. दोनाच्या पटीतल्या आकड्यांतून तीन निघाले! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा केबल चुकीच्या भोकात गेली असं समजून ती काढून परत लावली होती.

(दोन आउटपुट एकत्र करायला साधा मल्टिपल (केबली थेट एकमेकींना जोडणारा जोड) मात्र वापरू नका, ती एकमेकांशी भांडतात. त्यासाठी ऑर, दोन्हींपैकी एक जरी वर असेल तरी वर जाणारं.)

पुढे ÷३ किंवा ÷५ घेतलंतच, तर रीसेटशी खेळा. मोकळं सोडलं तर ÷३ आणि सोळा पल्सचा सीक्वेन्स पुन्हा एकत्र भेटतात ४८ पल्सनंतर. शाळेतला लसावि. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) सोळांशाच्या, म्हणजे बीटला चार, पल्स धरल्या तर सहा सेकंद. ÷३, ÷५, ÷७ एकत्र सोडलीत तर १०५ पल्स, तेरा सेकंदांहून थोडं जास्त. पण दर सोळा पल्सना रीसेट दिलात, तर ÷३ चं होतं ३-३-३-३-३-१. ती शेवटची एकटी मात्रा म्हणजे ठेच लागून सावरल्यासारखी, आणि मला तीच आवडते. ÷७ ला मी कधीच रीसेट देत नाही, त्याला भटकू द्यावं. रीसेट आणि क्लॉक एकाच क्षणी पोचले की एखादी पल्स हरवते किंवा दोनदा मोजली जाते. तसं झालं तर क्लॉक दोन-तीन मिलिसेकंद उशिरा पोचवा.

प्रश्न : डिव्हायडरऐवजी क्लॉक मल्टिप्लायर घेतला तर दोन्ही कामं होतील का?

उत्तर : नाही. भागणाऱ्याला फक्त मोजायचं असतं. गुणणाऱ्याला पुढची पल्स कधी येणार हे मागच्या अंतरावरून ओळखावं लागतं, म्हणून टेम्पो हलवलात की तो एक पाऊल मागे राहतो. त्यापेक्षा मुख्य क्लॉकच वेगवान ठेवा आणि सगळं खाली भागा. मिडी क्लॉक (डिजिटल वाद्यांना एका तालात ठेवणारा क्लॉक) याच कारणासाठी सोयीचा आहे : एका बीटला २४ पल्स. ÷६ केलं की सोळांश, ÷१२ ला आठांश, आणि ÷८ ला बीटमागे तीन, म्हणजे ट्रिप्लेट. तुमच्याकडचं ÷८ इथे कामाला येईल, ÷६ साठी मात्र दुसरा डिव्हायडर लागेलच.