शपथपत्रातली तुलना कशाशी?

प्रश्न : ज्ञात औषधाच्या नव्या स्फटिकरूपासाठी केलेला आमचा पेटंट अर्ज पेटंट कायद्याच्या कलम ३(डी)खाली (परिणामकारकता वाढल्याशिवाय ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाला पेटंट नाही) फेटाळला गेला. अपिलात नामांकित प्राध्यापकांचं शपथपत्र जोडलं तर त्याला किती वजन मिळेल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : नावावर भिस्त ठेवू नका. तज्ज्ञानं कशाची तुलना कशाशी केली, हे आधी पाहिलं जातं. नोवार्टिस कंपनीच्या ग्लिवेक या कर्करोगावरच्या औषधाच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा १ एप्रिल २०१३चा निकाल मुळातून वाचा. पेटंट हवं होतं त्यातल्या इमॅटिनिब मेसिलेट या क्षाराच्या (सॉल्टच्या) बीटा स्फटिकरूपाला. शपथपत्रातला उंदरांवरचा आकडा मात्र मूळ इमॅटिनिबशी, म्हणजे क्षार न बनवलेल्या बेसशी, तुलना करून काढलेला होता : बायोअव्हेलेबिलिटी, म्हणजे रक्तात पोचणारं औषधाचं प्रमाण, ३० टक्के जास्त. मेसिलेट क्षार तर इमॅटिनिबवरच्या आधीच्या झिमरमन पेटंटमुळे ज्ञात ठरला. त्यामुळे वाढलेली विद्राव्यता (विरघळण्याचा गुण) क्षाराची, बीटा रूपाची नव्हे, असं न्यायालयानं म्हटलं. बाकीचे गुण, म्हणजे भुकटी चांगली वाहते, रूप जास्त स्थिर आहे, ओलावा कमी धरतं, हे गोळ्या बनवणाऱ्याला खरोखर मोलाचे असतात. पण औषधाच्या बाबतीत ३(डी)मधली परिणामकारकता म्हणजे रोग्यावरच्या उपचारातली. वाढीव बायोअव्हेलेबिलिटीनं उपचारात भर पडते, हेही संशोधनातल्या आकड्यांनीच दाखवावं लागतं. तज्ज्ञाचं 'पडेल' हे मत त्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणून शपथपत्र लिहून घेण्याआधी सर्वांत जवळचा ज्ञात पदार्थ ठरवा. तुमच्या बाबतीत बहुधा त्याच क्षाराचं जुनं रूप. दोन्हींची चाचणी एकाच मात्रेत, एकाच पद्धतीनं, शेजारी शेजारी व्हावी. बॅच क्रमांक, स्फटिकरूप ओळखू देणारे क्ष-किरण विवर्तनाचे आलेख, प्राण्यांची संख्या, प्रत्येक नमुन्याचे कच्चे आकडे जोडा. नुसती सरासरी दिली की विरोधी वकील तिथंच बोट ठेवतात. प्रयोग तज्ज्ञानं स्वतः केला की दुसऱ्याचा अहवाल वाचून मत दिलं, तेही स्पष्ट लिहा. उलटतपासणीत हा प्रश्न हमखास येतो.

समोरचा तज्ज्ञ उलट सांगत असेल, तर ज्याचं मत मूळ विनिर्देशाशी (अर्जातल्या शोधाच्या वर्णनाशी) आणि आकड्यांशी जुळतं त्याचं पारडं जड.

कलम ११७-ए खालचं अपील आता उच्च न्यायालयात, आदेशापासून ३ महिन्यांत करावं लागतं. तिथं नवा पुरावा आणायचा तर परवानगी मागावी लागेल, आणि हे आकडे अर्ज तपासणाऱ्या पेटंट नियंत्रकांपुढे का दिले नाहीत याचं पटणारं कारणही द्यावं लागेल.