अमूर्त चित्रकार आणि व्यंगचित्रकार, दोन्ही असलेला कोणी आहे का?

आहे, अ‍ॅड राइनहार्ट (१९१३–१९६७), अमेरिकन. माझा अतिशय आवडता चित्रकार. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या 'पीएम' या दैनिकात तो व्यंगचित्रं काढायचा. १९४६मध्ये तिथे त्याने आधुनिक कला कशी पाहावी हे समजावणारी मालिका केली. त्यातलं एक चित्र विसरता येत नाही: एक माणूस अमूर्त चित्राकडे बोट दाखवून हसत विचारतो, हे काय दाखवतं? चित्राला रागीट तोंड फुटतं आणि ते उलट विचारतं, तू काय दाखवतोस? माणूस उताणा पडतो.

त्याची स्वतःची चित्रं मात्र अगदी नि:शब्द. शेवटच्या वर्षांत तो पाच फूट बाय पाच फूट काळे कॅनव्हासच रंगवत राहिला. रंगातलं तेल काढून टाकायचा, म्हणजे पृष्ठभागाला जराही चकाकी नको. पहिल्या नजरेत नुसता काळा चौकोन. दोन-चार मिनिटं उभं राहिलात की त्यात नऊ चौकोन उमटतात; कुठे काळ्यात निळसर झाक, कुठे तांबूस, कुठे हिरवट. फोटोत हे जवळपास दिसतच नाही, त्यामुळे मोबाइलवर पाहून मत बनवू नका.