प्रशिक्षणे होतात, तरी मुलांचे वाचन सुधारत नाही. केंद्रस्तरावर काय करता येईल?

आपण परभणी जिल्ह्यातील केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटाचे प्रमुख, आहात आणि शिक्षकांची प्रशिक्षणे नियमित होऊनही तिसरी-चौथीतील अनेक मुले साधा परिच्छेद अडखळत वाचतात, याचे काय करावे असे आपण विचारले आहे. लातूर जिल्ह्यात पहिली-दुसरीचे वर्ग दीर्घकाळ शिकवत आलेली शिक्षिका म्हणून मी सुचवेन की, केंद्रातील शिक्षकांच्या मासिक शिक्षण परिषदेत वाचनावरील व्याख्यान कमी करावे आणि आपल्याच मुलांचे वाचन सर्वांनी मिळून ऐकावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणे अपेक्षित आहे, आणि ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरील ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षणांमुळे त्यांतील बरेच तास घरबसल्या पूर्ण होतात. त्यातील आशय टाकाऊ नाही. परंतु पडद्यावर पाहिलेली पद्धत आपल्या वर्गात करून पाहिली, ती सहकाऱ्याने पाहिली आणि त्यावर मोकळेपणाने बोलणे झाले, तरच ती अंगवळणी पडते.

यासाठी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील चार-पाच मुलांचे वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून परिषदेत आणावे. उतारा मात्र अनोळखी असावा, कारण पाठ्यपुस्तकातील धडा अनेक मुलांना तोंडपाठ असतो आणि ओळीवरून बोट फिरवत ती तो बिनचूक म्हणून दाखवतात. मग चुका नीट वेगळ्या कराव्यात. ‘गर्व’ हा शब्द एक मूल ‘गरव’ असा वाचते आणि दुसरे ‘ग्रव’ असा. पहिल्याला जोडाक्षर सुटत नाही, तर दुसऱ्याला अक्षरे जोडता येतात, पण रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर असला तरी त्याचा उच्चार आधी होतो हे त्याला कोणी दाखवलेले नसते. ‘प्रकाश’, ‘पर्वत’, ‘ट्रक’, ‘दऱ्या’ या चार शब्दांत एकच र चार रूपांनी येतो, आणि पहिली वेलांटी तर लिहिताना व्यंजनाच्या आधी येऊन उच्चारात नंतर येते. आपल्या लिपीतील या अडचणींवर सर्वसाधारण प्रशिक्षणात क्वचितच पुरेसा वेळ दिला जातो, याची मला मनापासून खंत वाटते.

काही मुले सर्व शब्द बरोबर वाचतात, पण काय वाचले ते सांगू शकत नाहीत. गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडले की वाचनाचे आकलन म्हणजे अक्षरवाचन आणि भाषेची समज यांचा गुणाकार होय; दोहोंपैकी एक शून्य असेल, तर उत्तर शून्यच येते. तांड्यावर गोरमाटी बोलणारे, घरी दखनी बोलणारे किंवा देगलूर-बिलोलीकडे तेलुगू बोलणारे मूल अनेकदा या दुसऱ्या बाजूने अडते, आणि त्याला बाराखडी पुन्हा गिरवायला लावून उपयोग नसतो. उताऱ्यातील प्रसंगाविषयी आधी त्याच्या भाषेत आणि मग मराठीत भरपूर बोलणे व्हायला हवे.

चूक निश्चित झाली की दोन-तीन शिक्षकांनी मिळून तेवढ्यापुरता वीस मिनिटांचा पाठ तयार करावा, एकाने तो यजमान शाळेच्या वर्गात घ्यावा आणि इतरांनी मुलांकडे लक्ष ठेवावे. नंतरची चर्चा मुले कुठे थांबली यावर व्हावी; शिक्षकाचे गुणांकन होऊ नये. माझी आपणास आग्रहाची विनंती आहे की त्या दिवशी आपण शेरेबुक उघडू नये, कारण शेऱ्याची भीती असली की वर्गातील सर्वांत हुशार मुलेच पुढे बसवली जातात.

पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असे लक्ष्य आहे. घड्याळ लावताना ‘अर्थ समजून’ ही अट विसरली जाऊ नये. दिवाळीनंतर पालकांबरोबर ऊसतोडीला गेलेली मुले हंगाम संपल्यावर परततील, तेव्हा ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीच्या धर्तीवर अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी तोंडी पाहणी करून त्यांना इयत्तेपेक्षा वाचनस्तरानुसार गटात बसवावे. एकशिक्षकी शाळेतील शिक्षकाला पाठ पाहण्यासाठी शाळा सोडता येत नसेल, तर त्याला पाठाचे चित्रीकरण पाठवावे आणि त्याच्या मुलांची ध्वनिमुद्रणे परिषदेत अगोदर ऐकावीत.

सुरुवातीला सर्व इयत्ता घेऊ नयेत. पहिल्या दोन-तीन परिषदांत फक्त दुसरीची मुले आणि फक्त जोडाक्षरे घ्यावीत, आणि प्रत्येक वेळी त्याच मुलांचे नवे वाचन ऐकून मगच पुढचा पाठ ठरवावा.