काचेवरचे ओरखडे

भाऊ, गाडीच्या समोरच्या काचेवरचे ओरखडे घालवायचे तर आधी काच धू आणि ओरखड्यावरून नख फिरव. नख अडकलं तर विषय संपला, पॉलिशनं तो जात नाही. नाही अडकलं, तर सेरियम ऑक्साइडची, म्हणजे काच पॉलिश करायची, पावडर आण आणि पाण्यात पिठल्याएवढी दाट कालव. ड्रिलला फेल्ट पॅड, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, लाव, स्पीड कमी ठेव, काच सतत ओली पाहिजे. कोरडी पडली की तापते, तडकूही शकते. मी एकदा जालन्यात एकाच जागी घासत बसलो. आता तिथून समोरचा उसाचा ट्रॅक्टर वाकडा दिसतो! टूथपेस्टच्या नादी लागू नको, नुसता टाइमपास. आणि हे ओरखडे पडतात कशानं? फुफाट्यानं भरलेल्या काचेवर कोरडा वायपर फिरवल्यानं. आधी पाणी मारत जा.