निकॉनची सेकंड-हँड मायक्रो-निक्कॉर ५५ मिमी एफ २.८ लेन्स घेतली. फोकस रिंग जड फिरते, पात्यांवर तेल दिसतं. मित्र म्हणतो रिंगच्या फटीत तेलाचा थेंब सोड. परत करू की दुरुस्त करू?

तेल सोडू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण मित्राला आत्ताच थांबवा.

जड रिंग दिसली की शिलाई मशीनचं तेल सोडायचा सल्ला आपल्याकडे जळगाव-भुसावळ पट्ट्यात सर्रास दिला जातो. या एका थेंबावरून माझी अनेकांशी वादावादी झाली आहे, म्हणून इथे नीट लिहितो.

चोपड्याच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरची हीच लेन्स माझ्या टेबलावर आली होती. रिंग जड झाली म्हणून कुणीतरी तिच्या फटीत तेल सोडलं होतं. थोडे दिवस रिंग लोण्यासारखी फिरली. मग तेलाने फोकस रिंगखालच्या आट्यांतलं जुनं ग्रीस विरघळवलं आणि ते पातळ मिश्रण ओघळत अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे उजेडाचं भोक लहानमोठं करणाऱ्या, पात्यांवर गेलं. सातही पाती एकमेकांना चिकटली. एफ २.८ ला फोटो उत्तम, एफ ११ ला पांढरेफटक. मालकाला वाटत होतं कॅमेऱ्याचं मीटर गेलं.

मीटर ठीक होतं. निकॉनच्या या जुन्या माउंटमध्ये (लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते ती कडी) कॅमेऱ्याची दांडी पाती उघडी धरून ठेवते आणि शटर दाबलं की सोडते. पुढचं काम लेन्समधली बारीक स्प्रिंग करते. पाती कोरडी असतील तर ती क्षणात मिटतात. तेलाने चिकटली असतील तर शटर उघडून बंद होतं तरी पाती अर्ध्या वाटेतच असतात, आणि जास्तीचा उजेड आत येतो.

तुमची लेन्स आज किती बिघडली आहे हे असं बघा. अ‍ॅपर्चर रिंग एफ ३२ वर ठेवा, मागची छोटी दांडी नखाने सरकवून एकदम सोडा. पाती फट्कन मिटली पाहिजेत. मग कॅमेऱ्यावर लावून मॅन्युअलमध्ये, आयएसओ न बदलता, सारख्या उजेडातल्या भिंतीचे चार फोटो घ्या: एफ २.८ ला १/२०००, एफ ५.६ ला १/५००, एफ ११ ला १/१२५, एफ २२ ला १/३०. चारही सारखेच उजळ यायला हवेत. पुढचे फोटो उजळत गेले तर पाती मंद आहेत. लेन्स रात्रभर पडून राहिल्यावर घेतलेले पहिले फोटोच खरे धरा, कारण दांडी आठ-दहा वेळा हलवली की चिकटलेली पाती तात्पुरती मोकळी होतात. विकणाराने तुमच्यासमोर आधीच खटखट करून दाखवलं असेल तर ती परीक्षा झालीच नाही.

आपल्या हवेचं आणखी एक. मे महिन्याच्या दुपारी, पारा ४४ च्या वर असताना, तेल इतकं पातळ होतं की बिघडलेली लेन्सही पास होते. तीच डिसेंबरच्या पहाटे नापास होते. उन्हाळ्यात घेत असाल तर वेगावर भरवसा ठेवू नका, टॉर्च तिरका धरून पात्यांवर चकाकी शोधा. आणि पाती तेलकट होण्याचं मूळ कारणही हीच उष्णता आहे: ग्रीसमधलं तेल सुटतं, उरलेला भाग मेणासारखा घट्ट होतो. रिंग जड आणि पाती तेलकट ही एकाच रोगाची दोन लक्षणं आहेत.

म्हणून नुसती पाती पुसून भागत नाही. चोपड्याच्या लेन्सची पाती आधी एकदा वरवर धुतली गेली होती, आणि आट्यांतलं तेल पुन्हा तिथेच आलं होतं. पाती सुटी काढून नॅप्था किंवा मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावी लागतात, पूर्ण वाळवून कोरडीच बसवावी लागतात. पात्यांना वंगण अजिबात नको. मग आट्यांमधलं जुनं ग्रीस टूथब्रश आणि टूथपिकने शेवटच्या खाचेपर्यंत काढायचं. नवं ग्रीस तेल न सोडणारं, लेन्सच्या हेलिकॉइडसाठीचं (म्हणजे याच फोकसच्या आट्यांसाठीचं); गाडीचं नाही. तुरीच्या दाण्याएवढं घेऊन बोटाने पातळ पसरवलं की पुरे. जास्त भरलं तर उद्या तेच पात्यांवर दिसेल.

सगळ्यात जास्त चूक होते ती आटे वेगळे करताना. हे आटे अनेक तोंडांचे असतात, म्हणजे अनेक ठिकाणांहून आत शिरू शकतात. ज्या ठिकाणी दोन भाग सुटतात तिथे दोन्हींवर समोरासमोर ओरखडा काढून ठेवला नाही, तर परत बसवताना चुकीच्या तोंडात शिरतात आणि इन्फिनिटी, म्हणजे खूप दूरच्या वस्तूचा फोकस, मिळतच नाही. या एफ २.८ मध्ये तर जवळच्या फोकससाठी काचेचे गट एकमेकांपासून सरकतात, त्यामुळे आट्यांच्या जोड्या दोन. हिच्या आधीची एफ ३.५ वाली यापेक्षा सोपी.

स्क्रूसाठी जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचाच पेचकस घ्या, साधा फिलिप्स जपानी स्क्रूची खाच खाऊन टाकतो. स्क्रू लाखेने घट्ट असेल तर सोल्डरिंग आयर्नचं टोक काही सेकंद टेकवा. लाख सोडवायला अ‍ॅसिटोन नको, ते रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खातं. जोडणी झाल्यावर इन्फिनिटी लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून तपासा. भुसावळकडच्यांना दीपनगर वीजकेंद्राच्या धुराच्या चिमण्या यासाठी उत्तम, रावेर-यावलकडच्यांना सातपुड्याची कड. वेळ सकाळची, दुपारी हवा थरथरते आणि काहीच टोकदार दिसत नाही.

‘काच एकदम क्लीन आहे’ या वाक्यावर लेन्स विकत घेणं बंद करा. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा फोटोत सहसा दिसतही नाही. आधी स्क्रूंची तोंडं बघा; खरवडलेली असतील तर लेन्स उघडली गेली आहे. माउंट धरून पुढची नळी हलवा, डुगडुगायला नको. ऑटोफोकसवाल्या कॅननमध्ये पाती विजेवर चालतात, तिथे दोष वेगळा. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो निघतो पण एफ ८ ला एरर ०१ येतो, तोही झूमच्या ठरावीक जागी, तर आधी संपर्कबिंदू पुसून बघा. तरी येत असेल तर बहुतेक वेळा पात्यांकडे जाणारी चपटी वायर तुटलेली असते.

आता तुमचं. परत करायची मुदत असेल तर परत करा, एकही स्क्रू न काढता. मुदत संपली असेल तर जाणकाराला द्या. खर्च लेन्सच्या अर्ध्या किमतीवर जात असेल तर दुसरी शोधा. पहिली दुरुस्ती म्हणून ही लेन्स घरी उघडू नका, त्यासाठी एखादी स्वस्त, फक्त मॅन्युअल फोकसची लेन्स घ्या.

एक सांगायचं राहिलं: पात्यांवरचं तेल प्रत्येक लेन्समध्ये दोष नसतो. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्समध्ये पाती तुम्ही हाताने आधीच मिटवता, तिथे वेगाचा प्रश्नच नाही. आणि जी लेन्स ठेवाल ती उन्हाळ्यात गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. धाब्याचं जुनं घर असेल तर तिथलं खालचं कपाट सगळ्यात थंड.