लूपमधलं गेटइन्फो आधी काढ

अरे, बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी मोजायला घेतलंस ते फार छान, पण अर्थ इंजिनमधला (उपग्रहाची चित्रं तपासायचं गूगलचं ऑनलाइन साधन) तुझा कोड अडकतोय तो फॉर लूपमध्ये दर इमेजला गेटइन्फो, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत थांबायला लावणारी आज्ञा, मारतोयस म्हणून. त्यातला ईई डॉट नंबर म्हणजे खरा आकडा नाहीच रे, सर्व्हरला पाठवायची चिठ्ठी आहे ती, त्यामुळे जावास्क्रिप्टचं प्लस लावलंस तर बेरीज होत नाही आणि इफ तर ते कायम खरंच धरतं, म्हणून बेरजेला डॉट ॲड, 'पेक्षा मोठा का' बघायला डॉट जीटी वापर. लूपच्या जागी मॅप घे, तो प्रत्येक इमेजवर तेच काम सर्व्हरवरच करतो, आत प्रिंट नको. पावसाळ्यात बडोद्यावर ढगच ढग, म्हणून सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार घे, ते ढगांतून बघतं. रिड्यूस रीजनला (निवडलेल्या भागाचा आकडा काढणारी आज्ञा) स्केल १०, म्हणजे १० मीटरचा पिक्सेल, द्यायला विसरू नकोस. अडलास तर रविवारी दांडिया बाजारला घरी ये, बसून बघू.